भावी कोलायडरवरील मराठी व्याख्यानमाला, इंदूर: एक अभिप्राय

राजवाड्याजवळच्या एका सभागृहात गेल्या महिन्यात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडर, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि त्याचा विरुद्ध भाराचा जोडीदार पॉझिट्रॉन यांची टक्कर घडवणारे यंत्र, या विषयावर तीन संध्याकाळींची मराठी व्याख्यानमाला झाली. तिन्ही दिवसांचे मिळून 300 रुपये शुल्क होते आणि व्याख्याते होते कणत्वरकांच्या, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रांच्या, कामात उभी हयात घालवलेले एक निवृत्त अभियंते.

पहिल्या संध्याकाळी 2012 साली सापडलेल्या हिग्ज बोसॉन या मूलकणाचे नेमके मोजमाप इलेक्ट्रॉननेच का करायचे, हे त्यांनी घरखर्चाच्या हिशेबाने सांगितले. प्रोटॉन हा अनेक घटकांचा बनलेला असल्यामुळे टक्करीत प्रत्यक्ष किती ऊर्जा उतरली हे आधी कळत नाही. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या बाबतीत मात्र सुरुवातीची रक्कम, म्हणजे सुमारे 240 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ठाऊक असते. त्यातून हिग्जबरोबरच जन्मणाऱ्या झेड बोसॉन या दुसऱ्या कणाचा वाटा वजा केला की हिग्ज कशात विघटित झाला हे न पाहताही त्याचे वस्तुमान काढता येते. या वजाबाकीत ऊर्जेबरोबर संवेगही धरावा लागतो, हे मात्र श्रोत्यांतून कोणी विचारल्यावरच आले.

शुल्क वसूल झाले ते दुसऱ्या संध्याकाळी. इंदूरकर ज्याला अजूनही 'कॅट' म्हणतात त्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील 172.5 मीटर परिघाच्या इंडस-2 या वर्तुळाकार कणत्वरकापासून त्यांनी सुरुवात केली. वळणावर इलेक्ट्रॉन प्रकाशरूपाने ऊर्जा टाकतो. इंडस-2 मध्ये तोच प्रकाश प्रयोगांसाठी वापरतात, पण कोलायडरच्या दृष्टीने ती निव्वळ गळती असते. ऊर्जा दुप्पट केली की गळती सोळापट होते, त्यामुळे सर्न या युरोपीय कणभौतिकी संस्थेच्या 27 किलोमीटर परिघाच्या लेप या जुन्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडरमध्ये 2000 साली, शेवटच्या वर्षी, प्रत्येक फेरीला सुमारे तीन टक्के ऊर्जा निघून जात होती. म्हणूनच वळण सौम्य व्हावे यासाठी सर्नच्या नव्या प्रस्तावात सुमारे 91 किलोमीटर परिघाचे वर्तुळ आहे, तर आंतरराष्ट्रीय रेषीय कोलायडरच्या आराखड्यात वर्तुळच नाही. तिथे मात्र एकदा हुकलेला कण पुन्हा समोर येत नाही.

त्यानंतर कॅव्हिटीचा, म्हणजे कणांना ऊर्जा देणाऱ्या धातूच्या पोकळीचा, तांब्याचा नमुना हातोहात फिरवला गेला. बाहेरून तो एका ओळीत जोडलेल्या लोट्यांसारखा दिसत होता आणि उभ्या छेदातून आतली गुळगुळीत बाजू दिसत होती. खरी कॅव्हिटी निओबियम धातूची असते, उणे 271 अंश सेल्सिअसला चालते, आणि आत धुळीचा एक कण राहिला तरी बिघडते. माझ्या शेजारच्या काकूंनी हे ऐकताच नमुन्यावरचा आपल्या बोटाचा ठसा पदराने पुसला.

तिसरी संध्याकाळ मात्र घाईची झाली. टक्करीतून निघणारे कण टिपणारी शोधक यंत्रे वीस मिनिटांत उरकली. प्रक्षेपक इतका मंद होता की आलेखाच्या अक्षांवरचे आकडे चौथ्या रांगेतूनही वाचता येत नव्हते. सर्नच्या सध्याच्या कोलायडरमधील चुंबकांखालच्या सुमारे 7,000 सूक्ष्म-समायोजन जॅकचा आराखडा इंदूरच्या केंद्रात तयार झाला, ही गोष्ट एका वाक्यात संपवली, याची हळहळ वाटली. एवढ्या एका विषयावर इथल्या श्रोत्यांनी तासभर आनंदाने ऐकले असते.

व्याख्यानमाला पुन्हा झाली, तर अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना जरूर न्यावे. त्याहून लहान मुले दुसऱ्या अर्ध्या तासात कंटाळतात. दारावर छापील टिपण मागितल्याशिवाय देत नाहीत, ते आठवणीने मागून घ्यावे. पडद्यावर न दिसलेले आलेख त्यात स्वच्छ आहेत.