कोळसा की सोलर? सोलापुरी लूमवाल्याचा प्रश्न

भाचा टॉवेलचे लूम चालवतो, विचारत होता मामा शेडवर सोलर टाकू का, कोळसा म्हणे बंदच होणारे. एवढ्यात कुठला बंद होतोय. सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीच्या कोळशावरच्या वीज प्लांटचे 660 मेगावॅटचे दोन युनिट आहेत, पहिलं 2017 चं, दुसरं 2019 चं, नवीच की.

खर्चाचं बघ, कोळसा सोलापुरात निघत नाही, लांबून रेल्वेनं येतो, ते भाडं विजेच्या दरात येतंच. सोलरला पैसा सुरुवातीलाच ओतावा लागतो, नंतर ऊन फुकट.

पाण्यात कोळसा सरळ हरतो. प्लांटला उजनी धरणाचं पाणी जातं, आणि इथं नळ रोज येत नाही! सोलरला धूळ धुण्यापुरतं लागतं. पण एक गोष्ट सेल्समन सांगत नाही, पॅनल 25 डिग्रीच्या वर तापलं की दर डिग्रीला साधारण 0.3-0.4 टक्के वीज घटते, अन् मे महिन्यात आपल्या पत्र्यावर हात ठेवून बघ एकदा.

रात्रपाळीला सोलर शून्य, बॅटरी बजेटमध्ये बसत नाही.

म्हणून फक्त दिवसपाळी असंल तर बिनधास्त टाक. रात्रीपण लूम चालत असतील तर दिवसापुरतं सोलर, बाकी लाईनचीच वीज. जिल्ह्याचंही तेच, दिवसा सोलर वाढवा, संध्याकाळच्या लोडला स्टोरेज स्वस्त होईपर्यंत कोळसा लागणारच.