फुकट मिळणारी पीएलसी सॉफ्टवेअर मी पैसे मोजून घेतली

मी मेंटेनन्समधला इलेक्ट्रिशियन. पॅनल वायरिंग, कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले यात हात बसलेला आहे. पण दोष प्रोग्रॅममध्ये असला की लॅपटॉपवाले साहेब येईपर्यंत आम्ही मशीनपाशी नुसतं उभं राहायचं, हे फार दिवस सलत होतं. म्हणून शिफ्ट सुटल्यावर घरी पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्रॅमेबल कंट्रोलर, शिकायचं ठरवलं आणि पहिल्याच पायरीवर अडलो. कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं? प्रत्येक कंपनीचं वेगळं, प्रत्येकाच्या लायसन्सची तऱ्हा वेगळी. विचारपूस करता करता एकाचा फोन नंबर मिळाला.

तो बोलायला गोड होता. “सर, अकरा सॉफ्टवेअरचा पूर्ण संच आहे. लाइफटाइम लायसन्स. एकदा घेतलं की पुन्हा बघायला नको. नोकरीत सगळेच ब्रँड विचारतात.” हे शेवटचं वाक्य मला लागलं. आपल्याला एकच ब्रँड येऊन भागणार नाही, या भीतीपोटी मी बाजूला टाकलेली सगळी रक्कम त्याला पाठवली. पावती मागितली, तर “उद्या देतो सर” म्हणाला. तो उद्या आलाच नाही.

लिंक आली, सोबत सूचनांची फाइल. पहिलीच सूचना होती, अँटिव्हायरस बंद करा. दुसरी, लायसन्स बनवणारी छोटी फाइल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. तिथंच माझा हात थबकला होता, हे मला स्पष्ट आठवतं. पण पैसे गेलेले होते, आणि गेलेल्या पैशापायी माणूस पुढचंही पाऊल टाकतो.

संचातलं टीआयए पोर्टल, म्हणजे सीमेन्सच्या पीएलसीचं प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर, उघडलं आणि सर्वांत सोपा प्रोग्रॅम लिहिला. स्टार्ट, स्टॉप, मोटर, आणि स्टार्टला समांतर मोटरचा होल्डिंग कॉन्टॅक्ट, म्हणजे स्टार्ट सोडल्यावरही मोटर चालू ठेवणारा. स्टॉपचं बटण प्रत्यक्षात एनसी (न दाबता जोडलेलं राहणारं) जोडतात, म्हणून पुस्तकात दाखवल्याप्रमाणे प्रोग्रॅममध्ये त्याचा एनओ कॉन्टॅक्ट (इनपुट १ असला तरच जुळणारा) घेतला. खऱ्या पीएलसीऐवजी संगणकावरच प्रोग्रॅम चालवून बघायचा सिम्युलेटर चालू केला, स्टार्टच्या चौकोनात खूण केली. मोटर काही चालू होईना. रात्रभर डोकं आपटलं, शेवटी सॉफ्टवेअरमध्येच बिघाड आहे असं धरून त्या माणसाला फोन केला.

“सर, फाइल करप्ट झाली असेल. रिमोटवर घेऊन दुरुस्त करतो, पण त्याचे चार्जेस वेगळे.” तेही दिले. माझ्या स्क्रीनवर त्याने बऱ्याच खिडक्या उघडल्या, बंद केल्या, आणि मोटर चालू करून दाखवली. मी त्याचे आभार मानले.

काही दिवसांनी आमच्या प्रोग्रॅमिंगच्या साहेबांना हा किस्सा सांगितला. त्यांनी कागद ओढला आणि तीन चौकोन काढले. “अरे, एनसी बटणाच्या वायरमधून करंट सतत येतो, म्हणून खऱ्या पॅनलमध्ये स्टॉपचा इनपुट न दाबता १ असतो. वायर तुटली तर तो ० होऊन मोटर थांबावी, यासाठीच तशी जोडणी करतात. सिम्युलेटरला वायरच नाही, तिथं सगळे इनपुट ० पासून सुरू होतात. स्टॉप तुला स्वतः १ करायचा होता. त्याने दुसरं काहीच केलेलं नसणार.” म्हणजे एका चौकोनातली खूण त्याने मला विकली होती. वायरिंग माझा रोजचा धंदा, तरी ते मला सुचलं नाही, याचं दुःख पैशापेक्षा जास्त झालं.

मग साहेबांनी त्या अकरांची यादी मागितली. वाचता वाचता ते पेनाने खुणा करत गेले. कोडेसिसचं डेव्हलपमेंट सॉफ्टवेअर कंपनी स्वतःच फुकट देते, त्यात सिम्युलेशनही आहे. संगणकालाच पीएलसी बनवणारा त्याचा रनटाइम लायसन्सशिवाय दोन तास चालून थांबतो, पण पुन्हा चालू करता येतो. डेल्टाचं डब्ल्यूपीएलसॉफ्ट फुकट, सिम्युलेटरसकट. रॉकवेलच्या कनेक्टेड कॉम्पोनेंट्स वर्कबेंचची स्टँडर्ड आवृत्ती फुकट. बेकहॉफच्या ट्विनकॅट ३ चं ट्रायल लायसन्स सात दिवसांचं असतं, आणि स्क्रीनवरची अक्षरं टाइप केली की आणखी सात दिवस मिळतात, कितीही वेळा. सीमेन्सचं टीआयए पोर्टल मात्र विकतचं, तरी त्याची २१ दिवसांची अधिकृत ट्रायल आहे. माझ्या यादीत उरलेली होती ती सरळसरळ क्रॅक केलेली. लाइफटाइम लायसन्स असं त्यात काहीही नव्हतं.

खरा फटका नंतर बसला. लॅपटॉप मंदावला, माझा नसलेला प्रोग्रॅम आपोआप चालू व्हायला लागला, आणि पेनड्राइव्ह लावला की त्यावर अनोळखी फाइल्स दिसू लागल्या. तोच पेनड्राइव्ह मी कारखान्यातल्या प्रोग्रॅमिंगच्या लॅपटॉपला लावणार होतो. साहेबांनी वेळीच अडवलं, नाहीतर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो. २०१० साली उघडकीस आलेला स्टक्सनेट हा मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) यूएसबी ड्राइव्हमधूनही पसरत होता, आणि पीएलसी प्रोग्रॅम करायच्या स्टेप ७ सॉफ्टवेअरमधली एक फाइल बदलून तो सीमेन्सच्या पीएलसीपर्यंत पोचत होता. तो मोठ्यांचा खेळ होता असं कुणी म्हणेल. पण २०२२ मध्ये ड्रॅगोस या औद्योगिक सायबर सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं, की पीएलसीचा विसरलेला पासवर्ड काढून देतो म्हणून विकलं जाणारं एक टूल पासवर्ड तर काढून द्यायचं, पण सोबत संगणकात सॅलिटी नावाचा मालवेअरही सोडायचं. गिऱ्हाईक कोण? माझ्यासारखाच, पाळीवर अडकलेला माणूस.

लॅपटॉप पुसून सगळं नव्याने टाकलं. पॅनलच्या ड्रॉइंगचे काही फोटो त्यात गेले. आता कोडेसिसवर सराव करतो. लॅडर, फंक्शन ब्लॉक, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट या पीएलसी प्रोग्रॅम लिहिण्याच्या भाषा आयईसी ६११३१-३ या आंतरराष्ट्रीय मानकातल्या आहेत, त्यामुळे टायमर, काउंटर, होल्डिंग एका ठिकाणी पक्कं झालं की दुसऱ्या ब्रँडवर मुख्यतः मेनू, ॲड्रेस लिहिण्याची पद्धत आणि हार्डवेअरची जुळणी शिकावी लागते. अकरा सॉफ्टवेअरची गरज नवशिक्याला नाहीच. ज्या कंपनीचा पीएलसी आपल्या पॅनलमध्ये बसलेला आहे, तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून डाउनलोड करा आणि लायसन्सचा मजकूर वाचा. अँटिव्हायरस बंद करायला सांगणाऱ्याची फाइल उघडू नका, पैसे दिलेले असले तरीही.

शेवटी मी त्या माणसाला एकच मेसेज पाठवला, “लायसन्स कुणाच्या नावावर आहे, त्याचा नंबर द्या.” मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या, आणि थोड्या वेळाने त्याचा फोटो दिसेनासा झाला. बोलण्याचे स्क्रीनशॉट आणि पैसे पाठवल्याची नोंद घेऊन मी तक्रार दिली आहे. मेसेज अजून डिलीट केलेले नाहीत.