दिल्ली मेट्रोत कागदी तिकीट, मोबाइल, टूरिस्ट कार्ड की साधं स्मार्ट कार्ड?

मागच्या डिसेंबरात आम्ही तिघं दिल्लीला जाऊन आलो, मी, ही आणि आई. आईचं वय 72, गुडघे दुखतात पण फिरायची हौस दांडगी. उतरलो करोलबागला मावसबहिणीकडे. तेव्हापासून आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं ओळखीचं कोणी दिल्लीला निघालं की मला विचारतं, मेट्रोचं तिकीट कुठलं घेऊ, म्हणून आता एकदाच नीट लिहून टाकतो. रिक्षा की मेट्रो या वादात पडत नाही, दोन-तीन दिवसांसाठी गेलेल्या माणसाला मेट्रोच बरी.

टूरिस्ट कार्डावर ठरलेल्या दिवसांत हवं तितक्या वेळा मेट्रोत बसता येतं, त्याचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही झाला होता. एका दिवसाचं 200, तीन दिवसांचं 500, त्यातले 50 डिपॉझिट, कार्ड परत केलं की मिळतात. म्हणजे एक दिवसाला 150 पडले. आता 2025 च्या ऑगस्टात भाडं वाढल्यापासून 5 ते 12 किलोमीटरला 32 रुपये लागतात आणि 12 ते 21 ला 43. आपलं फिरणं बहुतेक या दोनातच बसतं. 32 च्या हिशोबाने दिवसात पाच वेळा मेट्रोत बसलात तर कुठे ते 150 वसूल होतात, आणि म्हातारं माणूस बरोबर असेल तर पाच वेळा कोण चढतंय उतरतंय. आम्ही दिवसाला तीन, फार तर चार वेळा बसलो. कॉलेजची पोरं सकाळपासून रात्रीपर्यंत भटकणार असतील तर त्यांनी जरूर घ्यावं.

मोबाइलवरचं तिकीट एकट्या माणसाला छानच आहे, रांग नाही, सुट्टे नाहीत, मी एकटा कामाला जातो तेव्हा कित्येकदा तेच काढतो. पण तिघांची तिकिटं एकाच फोनात असली की घोळ होतो. मेट्रोत पुढचा पहिला डबा बायकांचा, आई आणि ही तिथे बसणार कारण तिथे आईला जागा पटकन मिळते, मी आपला मागच्या डब्यात, आणि तिकिटं माझ्या खिशात. मग उतरल्यावर गर्दीत एकमेकांना शोधा, आधी भेटा आणि मग गेटपाशी जा. हिच्या फोनवर वेगळं काढता आलं असतं, पण आईकडे साधा बटणांचा फोन आहे.

म्हणून पहिल्या दिवशी खिडकीवरून कागदी तिकिटं घेतली. पूर्वीचं ते प्लास्टिकचं टोकन गेलं, आता क्यूआर छापलेली कागदाची चिठ्ठी मिळते आणि ती बाहेर पडेपर्यंत जपावी लागते. आईने जपलीच, हरवू नये म्हणून चार घड्या घालून बटव्यात, सुपारीच्या डबीखाली. चांदणी चौकाला उतरलो, आम्ही दोघं बाहेर आलो आणि आई आत अडकली. घडी नेमकी त्या चौकोनाच्या मधोमध पडलेली, कागद मऊ झालेला, गेट काही उघडेना. मागे माणसांची रीघ, कोणीतरी "माताजी, टिकट सीधा कीजिए" म्हणतंय, आणि आई घाबरून तो कागद पदरावर घासून सरळ करतेय. शेवटी तिथल्या माणसाने स्वतःच्या तळहातावर चिठ्ठी पसरून लावली तेव्हा ती बाहेर आली. "माझंच चुकलं रे" हे ती पुढे जेवताना पण म्हणत होती. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

खरी अडचण परतीच्या वेळी कळली. आता घडी नको म्हणून आईने चिठ्ठी पूर्ण वेळ हातातच धरली, चिमटीत, ताठ. राजीव चौकला गाडी बदलायची, तिथली गर्दी माहीत असेलच, आणि आईचा एक हात त्या कागदात गुंतलेला, जिना उतरताना कठडा धरायला एकच हात. तिथेच मी ठरवलं की हे उद्या नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांची तीन स्मार्ट कार्डं घेतली, प्रत्येकी 150, त्यात 50 डिपॉझिट. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत, प्रत्येकाचं वेगळं लागतं, म्हणजे सुरुवातीला खिशाला थोडी झळ बसते हे मान्य. पण प्रत्येक फेरीला 10 टक्के सूट आहे, आणि दुपारी 12 ते 5 मध्ये प्रवास केलात तर वर आणखी 10. पैशांपेक्षा मोठी गोष्ट ही की आईने कार्ड बटव्याबाहेर काढलंच नाही. गेटवर नुसता बटवा टेकवायची, दार उघडायचं, दोन्ही हात मोकळे. दोन-तीनदा जमल्यावर आम्हालाच म्हणायला लागली, चला लवकर.

आणि कुठे उतरायचं ते आधी ठरवावं लागत नाही. त्या दिवशी लाल किल्ला बघून झाल्यावर आई म्हणाली, अटलजींनी सुरू केली ती मेट्रो कुठली? आमच्याकडे ग्वाल्हेरात शिंदे की छावणी या मोहल्ल्यातल्या अटलजींबद्दल घरचा माणूस असल्यासारखं बोलतात. 24 डिसेंबर 2002 ला त्यांनी उद्घाटन केलं ती लाइन शाहदरा ते तीस हजारी, तेव्हा फक्त 6 स्टेशनं होती, आणि दुसऱ्या दिवशी, त्यांच्या वाढदिवसाला, ती लोकांसाठी खुली झाली. मग काय, कश्मीरी गेटला लाल लाइन पकडली आणि यमुना ओलांडून शाहदऱ्यापर्यंत गेलो, ना खिडकी ना रांग. आई पूर्ण वेळ खिडकीतून बघत होती.

तुम्ही फक्त एक दिवस जाऊन येऊन दोनदाच बसणार असाल तर कागदी तिकीटही चालेल, फक्त चिठ्ठी दुमडू नका. पण घरातलं मोठं माणूस बरोबर असेल तर माझ्या मते कार्डच घ्या. आमची तिन्ही कार्डं अजून आहेत, माझं परवाच्या फेरीत पुन्हा चाललं. आईचं बटव्यातच आहे, आणि त्यात 60-65 रुपये उरलेत हे तिला बरोबर लक्षात आहे.