‘फ्रास टाकू नका, त्यात पिल्लं आहेत’

पाळलेल्या सरड्यांना वगैरे खाऊ घालण्यासाठी काही जण डुबिया जातीची झुरळं घरी डब्यात वाढवतात. त्यांची कॉलनी विकणारे काही जण पार्सलमध्ये तीन-चार मुठी जुना फ्रास, म्हणजे झुरळांच्या विष्ठेची कोरडी भुकटी, घालून देतात आणि वर बजावतात, ‘हा टाकू नका हं, यात पिल्लं आहेत.’ वाक्य खरं आहे, म्हणूनच खपतं. नुकती जन्मलेली पिल्लं जेमतेम तीन मिलिमीटरची असतात आणि भुकटीत शिरून बसतात. पण फोरिड नावाच्या बारीक, उपद्रवी माशीचे तपकिरी कोषही साधारण तेवढेच, त्याच भुकटीत, आणि ते मात्र कुणी बोलून दाखवत नाही.

पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. दोन-तीन आठवड्यांनी डब्यात माश्या दिसतात. विक्रेत्याला फोन केला की उत्तर तयार: ‘तुमच्या स्वयंपाकघरातली चिलटं असतील, केळी उघडी ठेवता का?’ केळी कोणाच्या घरी उघडी नसतात! मग तोच माणूस ‘ऑरगॅनिक पावडर’ विकतो. पावडरीने आधी पिल्लं मरतात, कॉलनी कोलमडते आणि गिऱ्हाईक पुन्हा त्याच्याकडेच नवी कॉलनी मागायला जातं. एकाच माणसाला तीनदा पैसे.

म्हणून माशी कोणती, हे आधी ओळखा. फळांवरच्या चिलटांचे डोळे बहुधा लाल असतात आणि ती संथ घिरट्या घालतात. कुंडीच्या ओल्या मातीतली घुंगुरटी डासासारखी, लांब पायांची; त्यांच्या अळीचं डोकं काळं चकचकीत. फोरिड दोन-तीन मिलिमीटरची, पाठीला कुबड असलेली, आणि उडण्याऐवजी झटके देत इकडून तिकडे पळते. डब्याच्या झाकणावर टिचकी मारा: पळाली तर फोरिड समजा. तिच्या अळ्या मेलेल्या झुरळांवर आणि ओलसर प्रथिनावर वाढतात. धडधाकट झुरळांना त्या सहसा काही करत नाहीत. दुबळं, जखमी किंवा कात टाकताना अडकलेलं झुरळ मात्र खातात. ‘परजीवी माशी आहे, आठवड्यात सगळी कॉलनी खाईल’ ही भीती दुकान चालवण्यासाठी घातलेली असते.

पावडरीत काय असतं? कधी डायटोमेशिअस अर्थ: ती कीटकाच्या अंगावरचं मेण खरवडून त्याला सुकवते, आणि झुरळ हाही कीटकच. कधी बोरिक पावडर, जी घरातली झुरळं मारायलाच वापरतात. निंबोळीतल्या अझाडिरॅक्टिनने कीटकांचं कात टाकणं बिघडतं, त्यामुळे ‘कडुनिंब आहे, नैसर्गिक आहे’ हेही इथे कामाचं नाही. कधी नुसती खडूची भुकटी असते. चमचाभर पावडरीवर व्हिनेगर घाला, जोरात फसफसलं तर खडू किंवा खायचा सोडा. यातल्या त्यात सभ्य फसवणूक बीटीआय जीवाणूंची. ते डासांच्या आणि कुंडीतल्या घुंगुरट्यांच्या अळ्यांवर खरोखर चालतात, म्हणून पाकिटावर खोटं काही छापलेलं नसतं. फक्त फोरिडवर ते चालत नाहीत. ‘सफाई भुंगे’ मेलेली झुरळं खाऊन माश्यांचा चारा कमी करतात एवढं खरं, पण ओल्या खाण्यातली अंडी ते संपवत नाहीत, आणि उपाशी राहिले तर कात टाकणाऱ्या झुरळालाच लागतात.

माशी पार्सलमधूनच आली, हे दाखवता येतं, मात्र पहिल्याच दिवशी. पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ घ्या. त्यातली मूठभर भुकटी स्वच्छ काचेच्या बरणीत घाला, चिमूटभर भिजवलेलं कुत्र्याचं खाणं टाका आणि तोंडाला दुहेरी मलमल रबरबँडने घट्ट बांधा. बरणी तीन आठवडे घरातल्या उबेत, स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. बंद बरणीत माश्या निघाल्या की केळ्यांचा विषय संपला. तोवर नवी झुरळं जुन्या कॉलनीपासून वेगळ्या खोलीत, पाच-सहा आठवडे.

माश्या झाल्याच असतील, तर पैसे न घालता निस्तरता येतं. मोठी झुरळं हाताने उचलून कोरड्या, नव्या डब्यात घ्या. झुरळांना लपायला ठेवलेले अंड्यांचे जुने पुठ्ठे झटकून फेका. कोष त्यांच्या खाचांत चिकटलेले असतात, ते धुऊन जात नाहीत. चाळणीने पिल्लं वेगळी काढण्याच्या नादी लागू नका, कारण पिल्लू आणि कोष एकाच भोकातून पडतात. त्याऐवजी भुकटीवर पुठ्ठ्याचा तुकडा आणि गाजराची फोड ठेवा. पिल्लं रात्रीतून पुठ्ठ्यावर चढतात. सकाळी नव्या डब्यात झटका. सात-आठ दिवस असं केल्यावर उरलेली भुकटी पिशवीत बांधून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग कचऱ्यात. कुंडीत खत म्हणून ओतलीत तर सगळी मेहनत पाण्यात.

नव्या डब्याच्या झाकणाला खिडकीची मच्छरजाळी लावू नका, तिच्यातून फोरिड आरामात आत जाते. अर्ध्या मिलिमीटरची किंवा त्याहून बारीक स्टीलची जाळी घ्या आणि कडा गरम गोंदाने बंद करा. खाणं कोरडं, फळांच्या फोडी चोवीस तासांत बाहेर. कोकणातल्या पावसाळ्यात बारा तासांत. मेलेली झुरळं रोज काढा. चिकट पिवळे कागद डब्याबाहेरच, नाहीतर पिल्लंच चिकटतात. त्या खोलीत डासांची लिक्विड मशीन लावू नका. डब्याशेजारी व्हिनेगर आणि साबणाचा सापळा लावून त्यावर विसंबू नका: त्यात चिलटं पडतात, फोरिड फारशी नाही.

विकत घेताना फ्रास नको, फक्त मोजलेली झुरळं हवीत, असं लिहून कळवा. ‘मिक्स दोनशे’ म्हणजे किती माद्या, हेही लेखी घ्या. आखूड पंखांची ती मादी, पूर्ण पंखांचा तो नर. वजनावर देणाऱ्याकडून घेतलंत तर भुकटीचेही पैसे मोजाल. बिल मागा. बिल आणि बरणीचा फोटो हाती असेल, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. पैसे घेऊन पार्सलच पाठवलं नसेल, तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३०.