कपाटातल्या जुन्या फोनवर मराठी गूगल असिस्टंट: पाचपैकी तीन गुण

अलार्म, टायमर, हवामान, 'आईला फोन लाव' एवढ्या कामांसाठी अँड्रॉइड 5 किंवा 6 वरचा जुना फोन अजून उपयोगी पडतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाहून हाक मारून कामं करून घ्यायची असतील, तर मात्र या वाटेला जाऊ नका.

आधी पात्रता बघा, कारण गूगलची अट जरा विचित्र आहे. अँड्रॉइड 5 ला 1 जीबी रॅम पुरते, पण 6 पासून पुढे 1.5 जीबी लागते. स्क्रीन दोन्हीकडे 720पी हवी. म्हणजे 2014 चा 1 जीबीवाला मोटो जी अँड्रॉइड 5 वर असेपर्यंत नियमात बसतो, आणि अपडेट घेऊन 6 वर गेला की बाहेर. वेळच्या वेळी अपडेट घेणाऱ्याला ही चांगली बक्षिसी! 2016 च्या रेडमी नोट 3 ला ही अडचण नाही, त्याचं 2 जीबीचं मॉडेलही चालतं. गूगलच्या नव्या एआय सहायकाचा, म्हणजे जेमिनायचा, नाद सोडा. त्याला अँड्रॉइड 10 आणि 2 जीबी रॅम लागते.

प्ले स्टोअरवर 'असिस्टंट' नावाचं ॲप दिसतं. बरेच जण तेच टाकतात आणि काही झालं नाही म्हणून वैतागतात. ते निव्वळ आयकॉन आहे, खरं काम 'गूगल' नावाचं ॲप करतं. म्हणून अपडेट गूगल ॲप आणि गूगल प्ले सर्व्हिसेस या दोघांना द्या. 8 जीबी स्टोरेजच्या फोनवर अपडेट अर्ध्यावर अडकतं. आधी व्हॉट्सॲपचे व्हिडिओ उडवून निदान 1 जीबी जागा करा. तरीही असिस्टंट उघडला नाही, तर गूगल ॲपचा डेटा क्लिअर करून फोन रीस्टार्ट करा.

त्याही आधी तारीख तपासा. बॅटरी पूर्ण उतरून महिनोन्‌महिने पडलेला फोन चालू केला की तारीख कुठल्या कुठे मागे गेलेली असते. मग सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र त्या तारखेशी जुळत नाही आणि वायफायच्या पूर्ण कांड्या असूनही 'कनेक्शन नाही' असं येतं. वायफायचं नावच दिसत नसेल तर राउटरवर 2.4 गिगाहर्ट्झ चालू आहे का बघा. त्या काळच्या बऱ्याच स्वस्त फोनांना 5 गिगाहर्ट्झ दिसतच नाही.

साध्या अँड्रॉइड 6 वर सेटिंग्ज, ॲप्स, वरचं गिअरचं चिन्ह, डिफॉल्ट ॲप्स, मग 'असिस्ट अँड व्हॉइस इनपुट' इथे गूगल निवडा. आता होम बटण दाबून धरलं की असिस्टंट यायला हवा. असिस्टंटच्या सेटिंगमधल्या 'लँग्वेजेस'मध्ये मराठी लावा. ही सोय 2018 च्या ऑगस्टपासून आहे. 'वीस मिनिटांचा टायमर लाव' हे सरळ बोला. 'पावणेसात', 'सव्वासहा' असं म्हणालात तर अलार्म लागल्यावर स्क्रीनवरचा आकडा एकदा वाचून घ्या.

'ओके गूगल' ही हाक हा या फोनांचा कच्चा दुवा. सतत कान देणारी वेगळी कमी विजेची चिप नसेल तर मुख्य प्रोसेसरला जागं राहावं लागतं, म्हणून स्क्रीन बंद असताना हाक ऐकूच जात नाही. शाओमीच्या फोनांत भरीला बॅटरी सेव्हर गूगल ॲपला मागच्या मागे बंद करतो. गूगलला 'ऑटोस्टार्ट' द्या आणि बॅटरीचं बंधन काढा.

पुन्हापुन्हा 'समजलं नाही' येत असेल तर चार्जिंग पोर्टशेजारचं माइकचं बारीक भोक बघा. ओट्यावर ठेवलेल्या फोनात तिथे कणकेचं पीठ जाऊन बसतं. कोरड्या मऊ ब्रशने झाडा. टाचणी घातलीत तर माइकच जाईल. मग व्हॉइस रेकॉर्डरवर आवाज स्वच्छ येतो का ऐका.

फोन रूट करून, म्हणजे त्याच्या सिस्टीमचा पूर्ण ताबा घेऊन, बिल्ड डॉट प्रॉप या सिस्टीम फाइलमध्ये फोनचं नाव गूगलच्या 'पिक्सेल' फोनचं करायचा जुना उपाय असिस्टंट मिळवण्यासाठी अजून सुचवला जातो. फाइल कोण वाचू-बदलू शकतं ते ठरवणारी परवानगी 0644 राहिली नाही तर फोन लोगोवरच अडकू शकतो, आणि रूट केलेल्या फोनवर बँकेची ॲप्स रुसतात. अलार्मसाठी एवढा खटाटोप कशाला? नियमात न बसणाऱ्या 1 जीबीच्या फोनवर गूगलच्या शोधपट्टीतला माइक आणि जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डचं मराठी व्हॉइस टायपिंग वापरा.

फोन कायम चार्जरला लावून ठेवणार असाल तर आठवड्यातून एकदा मागचं कव्हर हाताने चाचपा. फुगवटा लागला, तर चार्जर काढा आणि आधी बॅटरी बदला.