पणजीचा कांपाल : फेरीधक्क्यापासून कला अकादमीपर्यंत

सावंतवाडीहून पणजीला मी जातो तो बहुतेक वेळा नाटकाच्या लाइट्सची पेटी सांभाळत. या वेळी प्रयोग दुसऱ्यांचा होता, हात मोकळे होते. म्हणून बेतीला उतरलो आणि फेरीबोटीने मांडवी ओलांडली. पायी माणसाला तिकीट नाही.

धक्क्यासमोर आदिलशहाचा राजवाडा, शेजारी आबे फारियांचा पुतळा. 1756 साली कांदोळीत जन्मलेला हा पाद्री पुढे पॅरिसमध्ये संमोहन करायचा. पुतळ्यात त्याच्या पसरलेल्या हातांखाली एक बाई कोसळतेय. भर दुपारी बघू नका, चेहऱ्यावर नुसती सावली असते. लाइटवाल्याचं ऐका.

पुढची, नदीकाठच्या कांपाल भागाकडची अर्ध्या तासाची चाल मात्र मला खटकली. नदी डोळ्यांसमोर, पण मध्ये कॅसिनोंची जहाजं आणि गाऱ्हाणं मांडल्यासारखे वाजणारे गाड्यांचे हॉर्न. जुनं जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेज, 1842 च्या पोर्तुगीज वैद्यकशाळेचा वारसा), माकिनेझ पॅलेस वगैरे बाहेरूनच बघितलं. नोव्हेंबरात इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) असला की हाच पट्टा गळ्यात पास अडकवलेल्यांनी भरतो, तेव्हा यायचं तर राहण्याची सोय आधी करा.

कला अकादमीत शिरलं की सगळं माफ. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी इमारत आडवी पसरवली आणि मधून रस्त्यापासून नदीपर्यंत आरपार वाट ठेवली. दार नाही, तिकीट नाही. एका कट्ट्यावर क्लास सुटलेली दोन पोरं मांडीवर त्रितालाचे बोल वाजवत होती. एकाचं ‘धिं’ सारखं पुढे पळत होतं. मी घड्याळ बघितलं तर रखवालदार म्हणाला, “वेळ आसा, बसात.”

पहिल्यांदा आलो होतो तेव्हा इथल्या नाट्यगृहात, दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात, व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी भिंतीवर रंगवलेले प्रेक्षक बघून सुटकेचा श्वास सोडला होता. आमचं बुकिंग जेमतेम अडीच रांगा होतं. 2021 ते 2023 वास्तू दुरुस्तीसाठी बंद होती, तेव्हा ही वाट फार आठवायची.

खाण्याचं म्हणाल तर एका नावाजलेल्या हॉटेलात थंड सुरमई पुढ्यात आली, बिल मात्र गरम. नाटक सुटल्यावर गाड्यावरचं रोस ऑम्लेट (रश्श्यातलं ऑम्लेट) खा. रस्सा दुसऱ्यांदा मागितला तरी कपाळाला आठी पडत नाही. पाव जास्तीचा आधीच सांगून ठेवा, उशिरा संपतो.