सोड्यांतलं ऑक्सिस्टेरॉल: जीसी की एलसी?

रत्नागिरीहून भाचीने विचारलं, "मामा, उन्हात वाळवलेल्या सोड्यांतलं ७-कीटोकोलेस्टेरॉल जीसी-एमएसवर मोजू की एलसी-एमएसवर?" (७-कीटो म्हणजे कोलेस्टेरॉल ऑक्सिडाइझ होऊन बनणारं एक ऑक्सिस्टेरॉल. जीसी घटक वायुरूपात सुटे करतं, एलसी द्रवात; एमएस त्यांचं वस्तुमान मोजतं.)

जीसीत राबणं जास्त: आधी साबणीकरण (अल्कलीने मेद फोडणं), मग सिलिलीकरण (रेणू सहज वायुरूप व्हावेत म्हणून सिलिल गट जोडणं). साबणीकरण थंडच कर. गरम अल्कलीत ७-कीटो मोडतं, आकडा उगाच कमी येतो. पण ७-अल्फा आणि ७-बीटा हायड्रॉक्सी ही जुळी ऑक्सिस्टेरॉलं छान सुटे होतात, यंत्रही तुलनेने स्वस्त. एलसीत सिलिलीकरण वाचतं, मात्र स्टेरॉल सहज आयनित (विद्युतभारित) होत नाहीत, आणि एमएसला तेच लागतं. शिवाय २४- आणि २५-हायड्रॉक्सी या ऑक्सिस्टेरॉलांचं वस्तुमान एकच, म्हणजे कॉलम (घटक सुटे करणारी नळी) चांगला हवा.

बीएचटी (ऑक्सिडीकरण रोखणारं रसायन) दोन्हीकडे घाल. नाहीतर कोलेस्टेरॉल बाटलीतच ऑक्सिडाइझ होतं आणि बदनाम होतात सोडे!

तुझ्या सोड्यांना जीसी पुरे. रक्ताचे शेकडो नमुने असतील तर एलसी.